पाचारण आणि पगार

गेल्या नाताळच्या आठवड्यात आक्काचा फोन आला. "जेवायलाच ये, पण जरा लवकर ये," एवढंच म्हणाली. आमच्या घरात 'जरा लवकर ये' याचा अर्थ काहीतरी बिनसलंय, असा होतो. मी पुण्याहून सकाळची एस्‌टी पकडून नगरला गेलो. (आता त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर. पण जन्मगावाचं नाव जिभेवरून इतक्या लवकर उतरत नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.) घरात करंज्यांचा वास होता, कंदील लागला होता आणि तिघंही तीन खोल्यांत बसलेले.

कारण भाची. वय सव्वीस. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तीन वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली. इंग्लंडच्या नोकरीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा पास झाली, कागदपत्रं झाली, आणि आता बाई म्हणतात, मी इंग्लंडला जात नाही. नंदुरबार जिल्ह्यात मिशनचा एक दवाखाना आहे, तिथं जाते. का, तर पाचारण झालंय.

"मामा, तुम्ही बँकेत होता. तुम्हीच तिला आकडे समजावून सांगा," दाजी म्हणाले. घरासाठी काढलेलं कर्ज अजून नऊ वर्षं फिटायचं आहे, ते माझ्याच सल्ल्यानं काढलेलं. आक्का काही बोलली नाही. ती करंज्या मोजत होती.

'पाचारण' हा शब्द बहुतेक वाचक सभा-संमेलनात ऐकतात. अध्यक्षांना पाचारण करतात तो. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मात्र तो फार जड शब्द आहे. देवानं एखाद्या माणसाला नाव घेऊन बोलावलं आणि एका कामाला लावलं, असा त्याचा अर्थ. रविवारच्या उपासनेत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं आणि 'मला पाचारण झालं' म्हणालं, की मंडळी गप्प होते. त्या वाक्याला उलटतपासणी नसते. नेमकी तीच मला या शब्दाची अडचण वाटत आली आहे.

ती वाटण्याला एक घरगुती कारणही आहे. माझी पणजी १९००च्या दुष्काळातली, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. आजी बायबलबाई होती. खांद्यावरच्या पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं आणि कोयनेलच्या गोळ्या घेऊन ती खेड्यापाड्यांतून पायी हिंडायची. पुस्तकांपेक्षा गोळ्या लवकर संपायच्या, असं स्वतःच हसून सांगायची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. अशा घरातला थोरला मुलगा म्हणजे पाळक होणार, हे धरूनच चालत. मी पंधरा वर्षांचा असताना बाहेरगावहून आलेल्या एका पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर करून टाकलं, की याला पाचारण आहे. लोक रडले. वडीलही रडले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, पायातल्या नव्या बुटांकडे बघत.

पुढची सात वर्षं मी ती हाक ऐकायचा प्रामाणिक प्रयत्न केला. शेवटी १९८१ साली बँकेची परीक्षा दिली आणि पास झालो. वडील महिनाभर बोलले नाहीत. आजी तेवढी म्हणाली, "बँकेत तर बँकेत. पण नीट बस. माणसं लांबून उन्हातनं आलेली असतात." त्यानंतर अडतीस वर्षं मी बँकेत बसलो. नीट बसलो का, ते पुढे सांगतो.

आमच्या भागात एकदा एका तालुक्याच्या शाखेत मी होतो. तिथं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिशनच्या छोट्या दवाखान्यातली एक सिस्टर यायची. पन्नाशीची, पांढरं पातळ, हातात सात-आठ पासबुकं. स्वतःचा पगार काढायची आणि त्यातले दहा-दहा, वीस-वीस रुपये बाकीच्या पासबुकांत भरायची. ती पासबुकं कुष्ठरोग्यांच्या मुलींची होती. तो शिकाऊ वयातला काळ. मला कादंबरीची भूक लागलेली. एकदा काउंटर मोकळं असताना मी विचारलंच, "सिस्टर, तुम्हाला पाचारण कसं झालं?"

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "इथली सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिच्या जागी तीन महिन्यांसाठी आले. ती परत आलीच नाही." मग स्लिपवर सही करता करता म्हणाली, "अठरा वर्षं झाली."

या उत्तरानं मी त्या वेळी हिरमुसलो. आता वाटतं, पाचारण या विषयावर मी जेवढं ऐकलं-वाचलं, त्यात याच्याइतकं खरं फार थोडं होतं.

बायबलमधली पाचारणं वाचली तर तीही अशीच, जराशी गैरसोयीची आहेत. मोशेला बोलावलं तर तो म्हणतो, मला नीट बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. योनाला निनवेला जायला सांगितलं, तर तो उलट दिशेच्या तार्शीशचं गलबत धरतो, रीतसर भाडं भरून. मला सगळ्यांत आवडते ती लहानग्या शमुवेलाची गोष्ट. रात्री हाक येते, आणि त्याला वाटतं, म्हाताऱ्या एली गुरुजींनी हाक मारली. तो धावत जातो. ते म्हणतात, मी नाही मारली, झोप. असं तीनदा होतं. या गोष्टीवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली. सगळ्यांचा भर 'देवाची हाक' यावर. पण मुलगा तीन वेळा उठला तो एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला पाणी-बिणी हवं असेल म्हणून. देवाची हाक आधी ऐकू आली ती माणसाच्या आवाजात. म्हाताऱ्यासाठी जो उठला नसता, त्याला पुढची हाक आली असती की नाही, याबद्दल मला शंका आहे.

तीन हाकांची अशीच एक गोष्ट तमिळ मुलखात घडली. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली मुलगी. जन्म १८७० सालचा, इथलाच. आजोबा, वडील, काका सगळे मिशनचे. म्हणूनच हिनं ठरवलेलं, काही झालं तरी मिशनरी व्हायचं नाही. आई आजारी म्हणून ती तिंडिवनमला आली होती, परत जायच्या बेतानं. एका रात्री तीन पुरुष एकामागून एक दाराशी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक दुसऱ्या वरच्या जातीतला. तिघांच्याही बायका अडलेल्या. तिघांनाही पुरुष डॉक्टर नको होता, बाई हवी होती. आयडाला वैद्यकीचं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती अमेरिकेला गेली आणि १८९९ साली कॉर्नेलमधून डॉक्टर होऊन परतली. पुढचं वेल्लोर सर्वांना माहीत आहे. १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा, आणि आज ज्याच्या नावावर देशभरातून रुग्ण गाडीत बसतात ते इस्पितळ.

या कथेतला मला रस आहे तो एका बाजूच्या पात्रात. परत येताना तिच्याजवळ दहा हजार डॉलर होते, स्त्रियांच्या दवाखान्यासाठी. ते न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या एका बँकवाल्यानं आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिले होते. १९०२ मध्ये जो दवाखाना उभा राहिला, त्याला त्या पत्नीचंच नाव होतं. शेलसाहेबांच्या दारावर रात्री कुणी थाप मारली नव्हती. त्यांना फक्त चेक लिहायचा होता, आणि त्यांनी तो लिहिला. बँकवाल्यांच्या बाजूनं सांगण्यासारख्या गोष्टी आधीच कमी, म्हणून ही सांगितली.

कारण माझ्या स्वतःच्या खात्यावर याच्या उलट नोंद आहे. त्याच सिस्टरच्या दवाखान्याला विहिरीवर मोटार बसवायला कर्ज हवं होतं. रक्कम किरकोळ. जामीनदार कोण, जागा कुणाच्या नावावर, ट्रस्टचा ठराव कुठं, असं करत मी फाइल सहा महिने फिरवली. नियमाबाहेर मी काहीही केलं नाही. आजही ती फाइल तपासणीला काढली तर माझ्यावर ठपका येणार नाही. मंजुरी आली तोवर उन्हाळा संपला होता. त्या उन्हाळ्यात सिस्टर आणि दोन आया डोक्यावरून पाणी आणत होत्या, हे मला नंतर कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही. 'नीट बस' म्हणजे काय, ते आजीला माहीत होतं. मला शिकायला वेळ लागला.

ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकानं सोळाव्या शतकात एक मोठी गोष्ट केली. तोवर पाचारण म्हणजे मठात जाणं; संन्याशालाच काय ते देवाचं बोलावणं. ल्यूथरनं सांगितलं, की जोडे शिवणारा आणि पोराचं न्हाणं-धुणं करणारी आईसुद्धा बोलावलेलीच असते. जर्मन भाषेत धंद्याला आजही जो शब्द आहे, त्याच्या पोटात हाक मारण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे सावता माळ्याचा मळा आहे, गोरोबांचं चाक आहे; मराठी माणसाला हे समजायला ल्यूथरकडे जायची गरज नाही. तरी आमच्या मंडळीत अजूनही पाळक झाला तर पाचारण आणि तलाठी झाला तर नोकरी, अशीच विभागणी आहे. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत असे, हे मात्र दर दोन वर्षांनी एकदा प्रवचनात येतं.

तर पगार. हा विषय निघाला, की सेवाभावी माणसं नजर वळवतात, म्हणून तो मुद्दाम काढतो.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला कवी म्हणून माहीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तो वाचता वाचता ते ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, इथपर्यंतची कथा अनेकांना ठाऊक असते. त्यांचं दुसरं पाचारण फारसं सांगितलं जात नाही. नगरला मिशनच्या नोकरीत, धर्मशाळेत शिकवत, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन करत त्यांनी वीसेक वर्षं काढली. आणि १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. परदेशी पैशाच्या पगारावर उभा राहून आपल्याच माणसांशी ख्रिस्ताबद्दल बोलणं त्यांना जड होऊ लागलं होतं. ज्या वयात आम्ही भविष्यनिर्वाह निधीची बेरीज करत बसतो, त्या वयात या माणसानं पहिली तारीख सोडली. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

पण यातली मेख अशी, की तो पगार टिळकांनी स्वतः सोडला. मिशननं 'तुम्हाला पाचारण आहे ना, मग कमी घ्या' असं म्हणून तो कापलेला नव्हता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि आज ते सर्रास बुजवलं जातं. मी निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांचे हिशेब विनामोबदला पाहिले. ख्रिस्ती एक होती, बाकीच्या नव्हत्या. खेळ सगळीकडे एकच. इमारतीला रंग आहे, वर्धापनदिनाला मंडप आहे. नर्सला, मास्तरणीला, स्वयंपाकाच्या मावशींना मात्र 'सेवा' आहे. निधी भरायचा राहिला, रजा साठली, मागायला गेलं तर 'तुम्ही पैशासाठी आलात का?' हा प्रश्न. एखाद्याच्या मनातल्या हाकेवर दुसऱ्यानं व्याज खाणं म्हणतात ते हे. माझ्या मते सेवेच्या नावाखाली पगार बुडवणारी संस्था ही सावकारापेक्षा वाईट. सावकार निदान खत लिहून घेतो.

टिळकांच्या हाकेचा दुसरा हिशेब लक्ष्मीबाईंच्या वहीत आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुमारे पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या; नातेवाइकांच्या घरी, लोकांच्या नजरा झेलत, ना सवाष्ण धड ना विधवा. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी त्यांचं सोवळं, त्यांची चूल काही काळ वेगळीच होती. त्या बदलल्या त्या स्वतःच्या हिशेबानं, स्वतःच्या वेळेला. आणि एकदा बदलल्यावर दुष्काळातली, साथींतली पोरकी मुलं घरात येत राहिली तेव्हा त्यांना जेवू-न्हाऊ घालणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आपण विनोदासाठी वाचतो, ते योग्यच आहे. पण एका माणसाच्या पाचारणाचं बिल घरात कुणाच्या नावावर फाटतं, याचा इतका चोख जमाखर्च मराठीत दुसरा नाही. मला टिळकांबद्दल आदर आहे. तरी १८९५ सालच्या त्या फेब्रुवारीत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूला उभा आहे.

हेच पंडिता रमाबाईंकडे पाहताना वाटतं. त्यांची हाक तर उपासमारीतून आलेली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण, सगळी डोळ्यांदेखत गेली. ही मुलगी आणि भाऊ पुराणं सांगत देशभर पायी हिंडले. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा, अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदत करायचं दिलेलं वचन, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी 'शारदा सदन'. तिथवर सगळं आखीव होतं. बँकेलाही पसंत पडावं असं. पुढे सदन पुण्याला आलं, आणि १८९३ मध्ये वादळ झालं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असं सांगितलं असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, अशी तक्रार उठली. 'केसरी'नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगी बहुतेक लेखक एक बाजू घेतात. मला दोन्ही बाजूंची माणसं दिसतात. मी ख्रिस्ती आहे, तरी त्या बापांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. आधीच वैधव्यानं हातची गेलेली पोर आता समाजातूनही जाईल, हे त्यांच्या दृष्टीनं दुसरं मरण होतं. आणि रमाबाई आपल्या खोलीत, दार उघडं ठेवून प्रार्थना करत. ते दार त्यांनी बंद करायला हवं होतं का? ते मला पटत नाही. भाकरीच्या बदल्यात धर्म मागणं ही सेवा नव्हे. तो सौदा आहे, आणि असे सौदे आमच्या लोकांनी कधी केलेच नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्याच पणजीला, सहा-सात वर्षांच्या भुकेल्या पोरीला, कुणी काय विचारलं असेल? पण तिला वाटीत पेज कुणी घातली, हेही मी विसरू शकत नाही. त्या पेजेमुळे मी हा लेख लिहितो आहे. सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींतली एक गोदूबाई. ती हिंदूच राहिली, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि बाया कर्वे म्हणून तिनं जन्मभर त्याच कामाला खांदा लावला. रमाबाईंच्या हाकेचं पाणी कुठल्या शेतात गेलं, ते जातीधर्माच्या बांधावर उभं राहून मोजता येणार नाही.

दहा वर्षांची हमी संपत आली नेमका तेव्हाच, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःचंच लहानपण रस्त्याच्या कडेला बसलेलं त्यांना दिसलं असणार. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुलींना ठेवायची बंदी, तेव्हा केडगावला सोलापूरच्या लोहमार्गालगत शेत घेतलेलं होतं तिथं त्या मुलींना घेऊन गेल्या. तेच 'मुक्ती'. १९०० सालच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कुठल्याही कर्जसमितीनं हा प्रस्ताव परत पाठवला असता. मी तर नक्कीच. विणकाम, शेती, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होतं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. आणि या गोंधळात बसून रमाबाई हिब्रू, ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत होत्या.

ती मनोरमा. आईचं काम पुढे नेणार म्हणून जन्मापासून सगळ्यांनी गृहीत धरलेली मुलगी. १९२१ साली, चाळिशीत, ती गेली. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. रमाबाईंचं बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. मनोरमेला स्वतःला कधी दुसरं काही व्हायचं होतं का, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात मला अशा वेळी आठवतो. दुसऱ्याच्या वतीनं हाक ऐकायचा अधिकार आईबापांना नाही, पाळकांनाही नाही. आणि मुलांना आलेली हाक नाकारायचा?

तो प्रश्न घेऊन मी त्या दिवशी भाचीच्या खोलीत गेलो. खिशात पेन होतं, आकड्यांचा कागदही केला होता. तिला म्हटलं, "कधी वाटलं तुला हे?"

"कोविडमध्ये," ती म्हणाली. "नंदुरबारकडची एक बाई होती, मामा. तिकडून पुण्यापर्यंत येता येता उशीर झाला. तिची भाषा वॉर्डात कुणाला येत नव्हती. ती दोन दिवस काहीतरी मागत होती. आम्हाला कळलंच नाही काय ते."

"काय मागत होती?"

"अजून माहीत नाही."

मी कागद बाहेर काढलाच नाही. तरी बँकवाल्याची जात. विचारायचं ते विचारलंच. नेमणूकपत्र देतात का, निधी कापतात का, रात्रपाळीला दोघी असतात की एकटी, रजा किती, सोडायचं झालं तर नोटीस किती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती चिडली. म्हणाली, "मामा, मी नोकरीला नाही चाललेय." मी म्हटलं, "तू नाही चाललीस, पण ते तुला नोकरीलाच ठेवणार आहेत. लिहून घे. आणि आधी एक वर्षाचं बोल. जन्माचं बोलू नकोस." दवाखान्याला मीच पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, हातानं लिहिलेलं, सगळ्या प्रश्नांची क्रमवार उत्तरं देणारं. पगार इंग्लंडच्या तुलनेत हसू यावं असा, पण निधी भरलेला, रजा कागदावर. ते पत्र वाचून माझं निम्मं मत बदललं, हे कबूल करतो.

राहिलं घराचं कर्ज. ती इंग्लंडहून जे पाठवणार होती, त्यातला काही भाग मी उचलायचं ठरवलं आहे. याला दानधर्म म्हणू नये. एका विहिरीच्या मोटारीचं थकलेलं व्याज आहे ते. दाजींना हे पटलेलं नाही. ते माझ्याशी जेवणापुरतं बोलतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

भाची फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात आक्का तिला बघायला म्हणून गेली, आठ दिवसांसाठी, सोबत दोन डबे, मसाला आणि रागाचं गाठोडं. पंधरा दिवस झाले तरी पत्ता नाही, म्हणून मी फोन केला. म्हटलं, परतीचं तिकीट काढू का?

"थांब जरा," आक्का म्हणाली. "इथली स्वयंपाकाची मावशी लग्नाला गेलीय. ती येईस्तोवर बघते."